बहात्तरचे सत्तावीस

१

फाइल हरवली हे लक्षात आलं तेव्हा दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि तपासनीस बाईंना फक्त घरी जायचं होतं. तीन दिवस त्या एकाच डुगडुगत्या खुर्चीवर बसून होत्या. गुडघा ठणकत होता. समोर मागच्या वर्षीच्या निवडक फाइलींचा गठ्ठा होता. तो तपासून झाला होता, कारकुनाने दुपारी बारालाच त्याला फीत बांधून ठेवली होती, साडेपाचला तो सोडून फाइली परत कपाटात लावायच्या होत्या, आणि त्यावर कोपर टेकून बाई अहवालाचं शेवटचं पान लिहीत होत्या. वार्षिक तपासणी ही अशीच असते. काही सापडत नाही, आणि सापडलं नाही हे चार पानांत लिहावं लागतं.

या कार्यालयाचं काम तसं सरळ होतं. लेखाशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला कुणाला प्रवेश मिळण्याची किती शक्यता आहे, ते सांगायचं. अर्जदार गुणपत्रिका, सीलबंद शिफारसपत्रं आणि आपलं निवेदन आणून देत. दोन वाचक ती फाइल वेगवेगळी वाचत आणि शंभरपैकी एकेक आकडा चिठ्ठीवर लिहीत. कारकून दोन्हींची सरासरी काढून अर्जदाराला निकालपत्र देई. आकडा साठच्या वर असला तर कार्यालयच संगणकावरून अर्ज भरून विद्यापीठाकडे पाठवी. चाळीसच्या खाली असला तर निकालपत्रावर छापलेलं असे, ‘यंदा अर्ज करू नये असा सल्ला आहे.’ बाहेरच्या खोलीत पाटी होती, ‘आमचे शंभरातले त्र्याण्णव अंदाज खरे ठरतात.’

त्या पाटीखाली आता एक मुलगी उभी होती. मुलगी म्हणायचं एवढंच, वय एकोणतीस. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नऊ वर्षांची कायम नोकरी. तिच्या हातातल्या निकालपत्रावर २७ होते.

“माझ्या वर्गमैत्रिणीला चौसष्ट दिलेत तुम्ही,” ती संचालकांना सांगत होती. “तिला माझ्याहून प्रत्येक विषयात कमी गुण आहेत. मी सकाळी फोन करून सांगितलंय, माझी फाइल पुन्हा वाचा म्हणून.”

संचालकांनी फाइल मागवली. कारकून कपाटाशी गेला आणि रिकाम्या हातांनी परत आला.

बाकीच्या विद्यापीठांच्या मुदती मागच्या आठवड्यातच संपल्या होत्या. उरलं होतं ते एकच विद्यापीठ, आणि तिथे आज पाच वाजता दार बंद होणार होतं. सगळी मूळ कागदपत्रं त्या फाइलीत होती. फाइल नाही म्हणजे अर्ज नाही, आणि अर्ज नाही म्हणजे पुढचं वर्ष. “पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येते,” मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. चढवण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नसावं.

संचालक आत आले आणि दार लोटून म्हणाले, “बाई, तुम्ही आहातच, तर जरा बघता का? गाजावाजा नको.”

बाईंनी पेनाला टोपण लावलं. नाही म्हणायचाही कंटाळा आला होता.

२

वाचक दोघं होते. पहिले काका, निवृत्त प्राध्यापक. त्यांनी कानांवर हात ठेवले. “आठवड्याला चाळीस फाइली वाचतो मी. आकडा लिहिला की मी मोकळा. उद्या माझी स्वतःची फाइल समोर ठेवलीत तरी ओळखणार नाही.”

दुसऱ्या ताई. त्यांना मात्र आठवत होतं. “मीटरवाली मुलगी ना? तिने लिहिलं होतं, नऊ वर्षं मी मीटरचे आकडे उतरवतेय, त्या आकड्यांचं पुढे काय होतं ते मला बघायचंय. ते वाचून मी फाइल खाली ठेवली आणि पाणी प्यायले. चौऱ्याहत्तर दिले मी तिला.”

“खात्री आहे?”

“नवऱ्याला घरी जाऊन सांगितलंय. विचारा हवं तर.”

बाईंनी कागदावर आकडेमोड केली. ताईंनी चौऱ्याहत्तर दिले असतील आणि सरासरी सत्तावीस यायची असेल, तर काकांनी उणे वीस द्यायला हवे होते. काका कडक होते, पण शून्याच्या खाली जाण्याइतके नव्हते. म्हणजे आकडा वाचकांकडे बिघडलेला नव्हता.

बाईंनी तोंड उघडायच्या आतच संचालक म्हणाले, “बहात्तरचे सत्तावीस. सोपं आहे. काकांनी सत्तर दिले असणार, सरासरी बहात्तर. उतरवताना अंक उलटे पडले. फरक पंचेचाळीस, नवाने भाग जातो. हाताची चूक.”

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. हिशेबाच्या धंद्यातल्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यातच शिकवतात, की दोन आकड्यांतल्या फरकाला नवाने भाग गेला तर कुणीतरी अंकांची अदलाबदल केली आहे असं धरून चाला. काकांनी मान डोलावली. ताईंनी सुस्कारा सोडला. कारकून खाली बघत म्हणाला, “माझीच चूक असेल, साहेब.”

हा कारकून चौतिशीचा, मितभाषी. सगळे त्याला पट्टी म्हणत, कारण तो प्रत्येक ओळ पट्टी धरून आखत असे. बाईंनी त्याचं नोंदबुक तीन दिवस डोळ्यांत तेल घालून तपासलं होतं. चार वर्षांत एक खाडाखोड नव्हती.

“ठीक आहे, हात चुकला,” बाई म्हणाल्या. “पण चुकलेला हात फाइल घेऊन जात नाही. फाइल कुठे आहे?”

तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

३

संशय घ्यायला एक माणूस आयता बाहेर बसला होता. मुलीचा थोरला भाऊ. बाईंनी त्याला आत बोलावलं. खांदे पडलेला, बुटाची नाडी सुटलेली, ती बांधायचंही त्याच्या मनात नसावं.

“निकालपत्र तुम्ही नेलंत ना इथून?”

“हो. ती कामावर होती.”

“काल परत आला होतात. कपाटाजवळच्या बाकावर अर्धा तास बसला होतात म्हणे.”

“फाइल परत न्यायला आलो होतो. कारकून म्हणाले, साहेबांची सही लागेल, उद्या या.” तो थांबला. मग त्याने एकदम सांगून टाकलं, “खोटं कशाला बोलू? सत्तावीस बघून मला बरं वाटलं. ती शिकायला गेली की आई माझ्याकडे येणार. आईला एकटीला ठेवता येत नाही. माझ्या दोन खोल्या, दोन पोरं, बायकोची पाळीची नोकरी. निकालपत्र नेलं त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी गाढ झोपलो.”

“मग आज तिच्याबरोबर का आलात?”

“ती रडली नाही म्हणून. रडली असती तर नसतो आलो. निकालपत्र वाचलं आणि भाजी चिरायला बसली.” त्याने डोळे चोळले. “बाई, मला ती जायला नको आहे. पण राहिली तर अशी नको.”

बाईंना त्याचं म्हणणं पटलं. फाइल पळवणारा माणूस ती पळवण्याचं इतकं चांगलं कारण स्वतःच्या तोंडाने सांगत नाही. शिवाय त्याला आजवर एकदाही कपाटाची किल्ली मिळालेली नव्हती.

तो गेल्यावर त्यांनी पट्टीला हाक मारली. “यंदा ज्यांना चाळीसच्या खाली आकडा मिळाला, त्या सगळ्या फाइली आणा.”

पट्टीने किल्ल्यांचा जुडगा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. “सगळ्या, बाई? एकतीस आहेत.”

“सगळ्या.”

४

प्रत्येक फाइलीत वाचकांच्या दोन मूळ चिठ्ठ्या टाचलेल्या असत. त्या कुणी कधी उघडून बघत नसे, कारण बघायचं कारणच नसे. बाई एकेक उघडत गेल्या आणि निकालपत्राच्या प्रतीशी ताडून पाहू लागल्या. ताई शेजारी बसून आकडे वाचत होत्या.

“वाचकांचे चौसष्ट आणि बासष्ट, सरासरी त्रेसष्ट. निकालपत्रावर छत्तीस,” ताई म्हणाल्या. मग, “एकाहत्तर. निकालपत्रावर सतरा.” पुढे त्यांचा आवाज बारीक होत गेला. “बासष्ट. इथे सव्वीस.”

एकतीसपैकी अठरा फाइली बरोबर होत्या. तेरांत अंक उलटे होते. मुलीची धरून चौदा. साठच्या वरच्या फाइलीही बाईंनी भराभर उघडून पाहिल्या; तिथे सगळे आकडे जुळत होते.

ताईंनी संचालकांना बोलावून आणलं. त्यांनी फाइली बघितल्या, चष्मा काढला, पुसला, परत घातला. “हात चुकतो माणसाचा,” ते म्हणाले, पण या वेळी त्यांनाच ते पटलेलं दिसलं नाही.

“चुकलेला हात कधी वर जातो, कधी खाली,” बाई म्हणाल्या. “हा चौदाही वेळा खालीच गेलाय. एकाही सव्वीसचे बासष्ट झाले नाहीत. आता मला सांगा, ती त्र्याण्णवची पाटी. खरा अंदाज कसा मोजता तुम्ही?”

“साठच्या वर सांगितलं आणि प्रवेश मिळाला, तर खरा. चाळीसच्या खाली सांगितलं आणि नाही मिळाला, तर खरा.”

“आणि चाळीसच्या खालचा माणूस अर्जच करत नसेल तर?”

संचालक जरा घुटमळले. “अर्ज केला नाही, म्हणजे प्रवेश मिळाला नाही. खरा.”

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. म्हणजे माणसाला नाही म्हणायचं, त्याने ऐकायचं, आणि वर आपला अंदाज बरोबर आला म्हणून पाटी लावायची. मागच्या वर्षी पाटीवर चौऱ्याऐंशी होते. जितकी माणसं घरी बसवाल तितकी पाटी चढणार होती, आणि त्या पाटीवर संचालकांची खुर्ची टिकून होती.

“तुम्ही माझ्यावर संशय घेताय?” संचालकांनी विचारलं.

“घेतेय,” बाई म्हणाल्या. “मला चारच्या सुमाराला सगळ्यांचाच येतो.” भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

५

पाटी चढवायची असती तर कोणतीही माणसं चालली असती. ही चौदाच का?

बाईंनी तेरा निवेदनं काढली आणि नुसती चाळली. पहिला माणूस बँकेतली नोकरी सोडणार होता. दुसरी बाई तान्हं मूल सासूकडे ठेवून येणार होती. तिसऱ्याने दुकान विकायला काढलं होतं. चौथा, पाचवा, सगळे तसेच. प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं आणि ते सोडून द्यायची त्याची तयारी होती. ज्यांना काही गमवायचं नव्हतं, कॉलेजातून थेट आलेली, आईबापांच्या जिवावर शिकणारी, त्यांच्या आकड्याला कुणी हात लावला नव्हता. पाटीची काळजी असणारा माणूस निवेदनं वाचत बसत नाही. संचालक सुटले.

“पण नोकरी सोडणारे सगळेच काही खाली गेले नाहीत,” ताई म्हणाल्या. “तो शाळेतला हिशेबनीस, नोकरी सोडून आला होता. त्याला नीट आकडा गेला.”

“किती?”

“सहासष्ट.”

“अजून कोण आहे असं?”

ताईंनी नोंदबुक उलटंसुलटं केलं. असे तिघं निघाले. एकाला सहासष्ट, एकाला सत्याहत्तर, एकाला अडुसष्ट.

बाईंनी तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि पेन खाली ठेवलं. सहासष्ट उलटा केला तरी सहासष्टच. सत्याहत्तरही तसाच. अडुसष्ट उलटवला तर शहाऐंशी, म्हणजे उलट वाढतो. कुणीतरी या तिघांनाही घरी बसवलं असतं, पण तसं करताना पकडलं गेलं तर हाताची चूक म्हणता आलं नसतं. त्या माणसाला हिशेबाच्या माणसांची खोड पक्की ठाऊक होती. अंक उलटे दिसले की हे लोक नवाने भागतात, हुश्श करतात आणि पुढे विचारत नाहीत.

निकालपत्र लिहिणारा हात एकच होता. राहिली फाइल. ती जाळली नसणार, फाडली नसणार. ज्याने चार वर्षांत एक खाडाखोड केली नाही तो कागद फाडत नाही. त्याला फाइल नाहीशी करायचीच नव्हती. पाच वाजेपर्यंत ती मिळायला नको होती, एवढंच. पाचनंतर ती आपोआप सापडावी, कुणाचंही नाव न येता. साडेपाचला या कार्यालयात हलणार होती अशी एकच गोष्ट होती.

बाईंनी कोपर उचललं. गठ्ठ्याची फीत सोडली. मागच्या वर्षीच्या चाळीस फाइलींच्या मधोमध एक्केचाळिसावी होती.

आत दोन चिठ्ठ्या होत्या. चौऱ्याहत्तर आणि सत्तर. चार वाजून एकवीस मिनिटं झाली होती, आणि बाईंना आपण दुपारभर तिच्यावरच रेलून बसलो होतो याचा राग यायलाही वेळ नव्हता.

६

पट्टी दारातच उभा होता. त्याने फाइल बघितली आणि कुणी न सांगता खुर्चीवर बसला. त्याने काहीही नाकारलं नाही.

“सकाळी तिचा फोन आला तेव्हा ठरवलं,” तो म्हणाला. “कायम नोकरी आहे हो तिची. आई आहे. काय करायचंय तिला?”

“ते तिने ठरवायचं. तुम्हाला हे कुणी शिकवलं?”

त्याने संचालकांकडे बघितलं नाही. नेमकं म्हणूनच बाईंनी बघितलं. संचालकांचा चेहरा उतरला होता. बाईंना आठवलं, पंचेचाळीसला नवाने भाग जातो हे त्यांनी कागद न घेता, एका दमात सांगितलं होतं. ते गणित त्यांनी आधी कधीतरी केलं होतं.

“पाच वर्षांपूर्वी मी इथे अर्जदार होतो,” पट्टी म्हणाला. “तेव्हा निकालपत्रं साहेब स्वतः लिहायचे. मला एक्याऐंशी दिले. मी गोदामातली नोकरी सोडली, घर सोडलं, नऊ ठिकाणी अर्ज केले. नऊ नकार आले. मी विचारायला आलो तेव्हा साहेबांनी फाइल काढली. वाचकांची सरासरी अठरा होती.”

ताईंनी हातातलं नोंदबुक मिटलं.

“फरक त्रेसष्ट. नवाने भाग जातो. साहेब म्हणाले, हाताची चूक, फार वाईट वाटतं. खरंच वाटलं त्यांना. मला इथे चिकटवून घेतलं. त्यांची चूक सगळ्यांनी माफ केली. मीही केली.” तो पुन्हा खाली बघू लागला. “मला फक्त एवढंच वाटायचं, की त्या वेळी कुणीतरी मला खालचा आकडा सांगायला हवा होता. इथे बसलो की रोज तसलाच माणूस समोर येतो. सगळं सोडून निघालेला. मी त्याला खालचा आकडा सांगतो. तो चिडतो, घरी जातो, त्याची नोकरी राहते. त्या बाकावर येऊन कुणी माझ्यासारखं बसत नाही.”

बाईंना त्याची दया आली आणि त्याचाच राग आला, आणि दोन्ही एकदम पेलण्याइतकी ताकद त्यांच्यात नव्हती. “तुमचं नुकसान वरच्या आकड्याने नाही झालं,” त्या म्हणाल्या. “खोट्या आकड्याने झालं. अठरा कळले असते तर तुम्ही नीट विचार केला असता. या चौदाजणांना तुम्ही काय दिलंत?”

पट्टीला हे आजवर सुचलं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. चांगुलपणाने केलेल्या गोष्टीचा हिशेब माणूस स्वतः कधी तपासत नाही.

७

अर्ज भरणं पट्टीखेरीज कुणालाच येत नव्हतं. संचालकांनी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा संगणकाचा पडदा अडकला. शेवटी बाई म्हणाल्या, “त्यांनाच बसवा. मी मागे उभी राहते.”

मुलीला आत बोलावून बाईंनी काहीही न लपवता सांगितलं. “तुमचा खरा आकडा बहात्तर. म्हणजे तुमच्यासारख्या शंभरांतल्या बहात्तरजणांना प्रवेश मिळतो. अठ्ठावीसजणांना मिळत नाही, आणि तेही तुमच्याइतकेच चांगले असतात.”

मुलीने पडद्यासमोर बसलेल्या माणसाकडे बघितलं. “हेच ते?”

“हो.”

ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. ओरडेल असं सगळ्यांना वाटलं. ती म्हणाली, “नऊ नकार आल्यावर काय केलंत तुम्ही?”

पट्टीचे हात थांबले. “दोन महिने काही नाही. मग इथे आलो.”

“म्हणजे जगलात.”

“हो.”

“मग भरा,” ती म्हणाली.

त्याने भरला. एकेक कागद सरळ लावून, सीलबंद पत्रांचे क्रमांक दोनदा ताडून. भाऊ दारात उभा राहून बघत होता. आईचं नाव विचारलं तेव्हा ते त्यानेच सांगितलं. चार वाजून बावन्न मिनिटांनी पोच आली. बहीण-भाऊ निघाले तेव्हा भाऊ जिन्यावर म्हणत होता, “पलंग बाहेरच्या खोलीत लावू, आईला खिडकी लागते.” त्याचा आवाज खुशीचा नव्हता, पण तो मापं घेऊ लागला होता.

बाईंनी अहवालाचं शेवटचं पान फाडलं. नवीन पानं लागणार होती, आणि त्यांत पट्टीची नोकरी राहणार नव्हती, बहुधा संचालकांचीही. ते दोघांनाही कळलं होतं. संचालक न सांगता बाहेर गेले आणि पाटी खिळ्यावरून काढून भिंतीला उलटी टेकवून आले.

“तेरा पत्रं लिहायची आहेत,” बाई पट्टीला म्हणाल्या. “आजच. तुमच्या अक्षरात. मी खाली सही करते.”

त्याने कागद घेतला. सवयीने पट्टी उचलली, मग बाजूला ठेवली. “काय लिहू?”

“नाव लिहा. मिळालेला आकडा लिहा. त्यापुढे खरा आकडा लिहा आणि कुणी बदलला ते लिहा.”

तो बराच वेळ लिहीत होता. दुकान विकायला काढलेल्या माणसाच्या पत्रावर येऊन तो थांबला.

“बाई, सगळीकडच्या मुदती संपल्यात, हे लिहू का?”

“नको,” बाई म्हणाल्या. “ते त्यांना माहीत आहे.”